आमच्या गाडीतला तापट टॅबलेट

जनावरांच्या दवाखान्यात किस्से गोठ्यातल्या शेणासारखे जमतात. सकाळी उचलून टाकावं, संध्याकाळी पुन्हा तेवढंच! मी पशुधन पर्यवेक्षक, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस. बैलानं लाथ मारली, रेड्यानं पळवलं, हे सगळं सांगून सांगून घरची मंडळीसुद्धा कंटाळली. आता चहाला बसलं की मित्रच म्हणतात, "ते बैलाचं राहू द्या हो. टॅबलेटचं सांगा!"

तर टॅबलेटचं सांगतो. पण त्याआधी गाडीचं सांगायला पाहिजे.

आमचं फिरतं पथक. एक पांढरी गाडी, आत औषधांची कपाटं, आणि आम्ही तिघं. सुवर्णा मॅडम डॉक्टर, मल्हारी ड्रायव्हर आणि मी. मॅडम उमरग्याकडच्या, घरी निम्मी कानडी. मल्हारी अणदूरचा, खंडोबाच्या दारात वाढलेला. गाडी यायच्या आधी लांबच्या वस्त्यांवरची माणसं अडलेली गाय ट्रॅक्टरमध्ये घालून तालुक्याला आणायची, आणि कितीतरी गायी वाटेतच जायच्या. गाडी आली आणि डॉक्टरच गोठ्यात जायला लागला. मॅडमचा त्या गाडीवर इतका जीव की रविवारी स्वतः येऊन आतली कपाटं पुसायच्या.

मग ऐन उन्हाळ्यात टॅबलेट आला. जनावराच्या कानात पिवळा बिल्ला मारायचा आणि बिल्ल्याचा नंबर, वय, मालकाचं नाव सगळं टॅबलेटमध्ये भरायचं. धाराशिवच्या ट्रेनिंगमध्ये साहेबांनी सरळ सांगितलं, "डिसेंबरअखेर तालुका पूर्ण झाला तर गाडी तुमच्याकडं राहील. नाही झाला तर दुसऱ्या तालुक्याला जाईल."

परत येताना मॅडम गाडीत मागं बसल्या होत्या. मांडीवर तो नवा कोरा टॅबलेट होता. जरा वेळानं त्यांनी त्याच्या पाठीला हात लावला आणि झटकन काढला. मग उलटा हात लावून पाहिला, तापलेल्या वासराच्या कानाला लावतात तसा.

"ह्याला ताप आहे," मॅडम म्हणाल्या.

मल्हारीनं आरशातून पाहिलं. "मॅडम, थर्मामीटर देऊ का? पर ह्येला लावायचं कुठून?"

*

पहिल्याच वस्तीवर त्यानं गुण दाखवले. तिथं गयाबाई म्हणून एक बाई, शेळ्यांचा मोठा कळप. आमच्याकडची शेळी काळीभोर, सगळ्या एकसारख्या. एकेक शेळी धरायची, बिल्ला मारायचा, नंबर भरायचा. दुपार डोक्यावर आलेली. कळप संपत आला आणि टॅबलेटचा पडदा काळा झाला. जास्त तापल्यामुळं तो आपोआप बंद पडला होता. चालू केला तर आतल्या सगळ्या नोंदी गायब! तेव्हा आम्हाला कळलं की नेटवरून वर ऑफिसला पाठवायच्या आधी हा बंद पडला तर भरलेलं सगळं पुसून जातं.

मी तोंडात येईल ते बोललो. इथं सांगण्यासारखं नाही.

गयाबाईला काही उमजेना. "मंग मॅडम, माज्या शेळ्या हायत का न्हाईत?"

"आहेत हो मावशी. फक्त ह्याला आठवत नाहीत. पुन्हा धरायला लागतील."

दुसरा कोणी असता तर उद्या बघू म्हणून निघाला असता. मॅडमनी पदर खोचला आणि स्वतः शेळ्यांमागं धावल्या. बिल्ले कानात होतेच, नुसते नंबर वाचायचे होते. पण शेळ्यांना ते कोण सांगणार? एकदा कान टोचलेल्या शेळ्या, त्या आम्हाला बघूनच बाभळीच्या बनात शिरल्या. मॅडमच्या हातांना काटे लागले, साडी फाटली, पण शेवटची शेळी भरूनच थांबल्या. आणि टॅबलेट तापायला लागला की त्या त्याला कानडीत काहीतरी बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे, पण त्या दिवशी तो निमूट चालला.

निघताना गयाबाईनं ताक दिलं. मॅडमला न्याहाळत म्हणाली, "बाई, तुमी डॉक्टर हायसा हे पटलं. पर धनगरीण म्हणून जास्त शोभता!"

मॅडमनी ही पदवी अजूनपर्यंत मिरवलीय.

*

आता ह्याला गार कसं ठेवायचं? साहेबांना फोन केला तर म्हणाले, सगळीकडचे तसेच तापतात, सांभाळून घ्या. मोबाईलच्या दुकानातला पोरगा म्हणाला, सावलीत ठेवा. इथं मे महिन्यात सावलीला सावली सापडत नाही!

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आपण काय करतो म्हशीला ऊन लागल्यावर?"

झालं. उपचार सुरू! दवाखान्यामागच्या कडुलिंबाखाली ओलं पोतं अंथरलं. टॅबलेटला डब्यात ठेवून डबा पोत्यावर ठेवला, वरून दुसरं ओलं पोतं. मल्हारी बाजूला बसून सुपानं वारा घालायला लागला. मॅडम अधूनमधून येऊन पोतं उचलायच्या, उलटा हात लावायच्या आणि पुन्हा झाकायच्या.

तेवढ्यात एक म्हातारे शेतकरी बैल घेऊन आले. बैल बांधला आणि त्या झाकलेल्या पोत्याकडं बघत उभे राहिले. सूप हलतंय, डॉक्टरीण येऊन तपासून जातेय. म्हाताऱ्यांनी टोपी काढून हातात घेतली.

हळू आवाजात मल्हारीला विचारलं, "कुणाचं हाय?"

"सरकारी हाय."

"लहान दिसतंय. जगंल का?"

"मॅडम म्हणत्यात जगंल."

"मंग जगंल," म्हातारे म्हणाले. "आमची म्हस त्यांनीच उटवली हुती."

मी हसू दाबत औषधाच्या खोलीत पळालो. पण खरं सांगतो, त्या माणसाचा मॅडमवरचा विश्वास बघून मला जरा गलबलूनही आलं. त्यानंतर आम्ही एक छोटा माठ घेतला, आत वाळू, वाळूत डबा, डब्यात टॅबलेट, आणि माठाभोवती ओलं फडकं. गाडीत माझी जागा गेली आणि माठाची झाली.

*

पावसाळा सरता सरता परंड्याकडं मीटिंग होती, तर मॅडम म्हणाल्या सोनारीला भैरवनाथाचं दर्शन घेऊन जाऊ. टॅबलेटला गुण येऊ दे म्हणून नवस बोलायचा असावा. मी विचारलं नाही.

सोनारीची माकडं तुम्हाला माहीत असतील. नारळ असो, चष्मा असो, त्यांच्या नजरेत आलं की ते त्यांचं! मॅडमनी टॅबलेट माठातून काढून पिशवीत घेतला, कारण गाडीत ठेवायची भीती. देवळाच्या पायरीशी पोचेपर्यंत एका धिप्पाड माकडानं पिशवीतून टॅबलेट उपसला आणि नारळाच्या दुकानाच्या पत्र्यावर जाऊन बसलं.

मॅडम पांढऱ्या पडल्या. त्यांना माकड दिसत नव्हतं, पत्र्यावर गाडी दिसत होती, आणि ती दुसऱ्या तालुक्याला चाललेली.

माकडानं टॅबलेट उलटापालटा केला, वास घेतला आणि ऐटीत मांडीवर घेतला. कुठलं बटण दाबलं गेलं कुणास ठाऊक, पडद्यावर उजेड आला. आम्ही खाली शेंगदाणे दाखवतोय, हात जोडतोय. ते ढुंकून बघेना. आणि मग एकाएकी ते असं ताडकन उडालं की बोलायची सोय नाही! टॅबलेट पत्र्यावरून घसरत खाली आला तो मल्हारीनं टॉवेल ताणून झेलला. माकड मांडी चोळत आमच्याकडं बघत राहिलं.

शेजारी नारळ विकणारी आजी हे सगळं बघत होती. तिनं दोन्ही हात कपाळाला लावले. "बाई, जल्म गेला माजा हितं. माकडानं नेल्याली वस्तू आपनहून माघारी दिल्याली आज पयल्यांदा बघितली. लई पुण्यवान हायसा!"

मॅडमनी तिच्याकडून नारळ घेतला आणि आधी माकडाला दिला.

*

दसऱ्याच्या सुमाराला शेजारच्या तालुक्यातल्या पथकाचा टॅबलेट पार बंद पडला. साहेबांचा निरोप आला, नवा येईपर्यंत दोघांत एकच वापरा. आता कुणाकडं किती दिवस, ह्यावरून भांडण ठरलेलं. पण त्या पथकाचा ड्रायव्हर निघाला नळदुर्गचा!

तुम्हाला ठाऊक असेल, अणदूर आणि नळदुर्गात खंडोबाची मूर्ती एकच. काही महिने देव इथं, काही महिने तिथं, आणि पोचवणं-आणणं सगळं वाजतगाजत, ठरल्या बोलीनं. मल्हारी म्हणाला, "मॅडम, देवाचं पिढ्यान्‌पिढ्या बिनभांडणाचं चाललंय, तर ह्या डब्याचं का न्हाय चालायचं? तुमी निस्तं बगा."

तालुक्याच्या शिवेवर दोन गाड्या समोरासमोर थांबल्या. मल्हारीनं माठाला हळद लावली, नारळ फोडला, भंडारा उधळला. दोघा ड्रायव्हरांनी एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावला आणि आठवड्याची बोली ठरली. मॅडमनी अगदी मनोभावे हात जोडले. मला वाटलं गंमत करताहेत, पण नाही. ठरल्या दिवशी ठरल्या वेळी टॅबलेट परत मिळावा ह्यावर त्यांची गाडी अवलंबून होती, आणि साहेबांच्या हुकमापेक्षा त्यांना खंडोबाच्या बोलीचा भरवसा जास्त होता.

आणि तो खराही ठरला. ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेच्या आधीच, ती गाडी शिवेवर येऊन उभी. नळदुर्गचा ड्रायव्हर दोन्ही हातांनी माठ धरून उतरला. त्याच्या तळहाताला मलम लावलेलं होतं.

"घ्या मालक तुमचा देव," तो म्हणाला. "लई कडक हाय. आमाला न्हाय झेपत!"

*

दिवाळीच्या तोंडावर तेरखेड्याकडं गेलो. तिकडं फटाक्यांचं काम. त्या दिवसांत तिथल्या माणसांना श्वास घ्यायला सवड नसते. गावाबाहेर हमीदचाचांच्या फटाक्यांच्या शेड, आणि कुंपणाला लागून त्यांच्या शेळ्यांचा गोठा. रस्त्यापासून जरा आत एक चुना लावलेला दगड रोवलेला आहे. त्या दगडाच्या पुढं बिडी नाही, काडी नाही, मोबाईल नाही, चालू इंजिन नाही. चाचांच्या वडिलांपासूनचा नेम.

आम्ही दगडाशी पोचलो तर चाचा समोर उभे. पांढरी दाढी, बोटं चंदेरी पावडरीनं चमकणारी. त्यांनी माठाकडं बोट केलं.

"ह्यात काय हाय?"

मॅडमनी टॅबलेट काढून दिला. चाचांनी त्याच्या पाठीला हात लावला आणि अंगार हातात आल्यासारखा परत केला.

"तोबा! मॅडम, सारी जिंदगी बारूदीत गेली माजी. पर असली इल्लत दगडाच्या आत कवा आनली न्हाय. ही भाईरच ऱ्हाईल."

मला राग आला. सरकारी काम आहे, असं काहीतरी मी म्हणणार, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "बरोबर आहे चाचा तुमचं. मी दगडाशीच बसते. शेळ्या इकडं आणता का?"

आणि त्या धुळीत, दगडाला टेकून बसल्या. चाचा एकेक शेळी आणत गेले. एक शेळी तीन महिन्यांची गाभण होती, पण पोट आत्ताच भलतं सुटलेलं. मॅडमनी चाचपून पाहिलं. "तीन आहेत वाटतं चाचा. वेळ आली की मला बोलवा."

चाचांनी शेळीला परत गोठ्यात सोडलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सायेब, कितीक अधिकारी आले. सगळ्यास्नी हा दगड दिसतो. मानतं कुनी न्हाय. ह्या बाईचं नाव लिवून घेतलं म्या काळजात."

*

आता शेवटचा. हा सांगितला की मी उठतो, कारण ह्याच्यानंतर दुसरं काही सांगवत नाही.

डिसेंबरची अखेर. एकच वस्ती राहिली होती. दिवसभरात ती पूर्ण केली. पण तिथं रेंज नव्हती, म्हणून नोंदी पाठवता आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळं पोचलं पाहिजे, हा साहेबांचा शेवटचा शब्द. मॅडमनी टॅबलेट चालूच ठेवून माठात ठेवला, आम्ही हळूहळू रेंजच्या दिशेनं निघालो. सगळे खुशीत होतो. गाडी राहणार होती!

दिवस मावळायला बोलण्यापुरती रेंज आली, नोंदी जाण्याइतकी अजून नव्हती, तेवढ्यात हमीदचाचांचा फोन आला. "मॅडम, ती शेळी अडलीया."

मल्हारीनं गाडी वळवली.

चाचांनी शेळीला दगडापाशीच आणून ठेवलं होतं, आम्हाला उजेड घेऊन आत येता येणार नाही म्हणून. गार वारं सुटलेलं, तेही रस्त्याकडून शेडकडं. मॅडमनी बराच वेळ हात घालून करडं वळवली. पहिलं आलं, दुसरं आलं, दोन्ही खणखणीत. तिसरं आलं ते मूठभर, ओलं आणि थंडगार. मॅडमनी तोंड साफ केलं, पोत्यानं चोळलं. श्वास अगदी बारीक.

"ऊब पाहिजे. आत्ता पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

शेकोटी करायची तर वाऱ्यानं ठिणगी दगडाच्या आत जाणार. मल्हारी म्हणाला, गाडी चालू करून इंजिनापाशी धरू. चाचांनी मान हलवली. "गाडीच्या नळीतनं ठिनगी पडती बाबा. आत मानसं हायत माजी." चाचांचे डोळे भरले होते, पण नेम तो नेम. गाव लांब, आणि शेळीलाही रक्त जात होतं, मॅडमना तिथून हलता येत नव्हतं.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. "टॅबलेट आणा."

"मॅडम," मी म्हणालो, "दिवसभराच्या नोंदी अजून गेल्या नाहीत, इथंही पुरती रेंज नाही. तापून बंद पडला तर..."

"माहीत आहे मला. आणा."

मी आणला. त्यांनी सांगितलं तसं मीच कॅमेरा चालू केला, टॉर्च चालू केला, जे जे उघडता येईल ते सगळं उघडलं. ज्या वस्तूला आम्ही महिनोन्‌महिने पाणी शिंपडून गार ठेवलं, तिला मी माझ्या हातानं तापवत होतो. मॅडमनी अंगावरची शाल काढली. टॅबलेटवर पोत्याची घडी, घडीवर करडू, वरून शाल. ते गाठोडं मी छातीशी धरून बसलो. एका बाजूनं मॅडम शेळी सांभाळताहेत, दुसऱ्या बाजूला चाचा उकिडवे बसून शालीकडं बघताहेत. शालीच्या फटीतून उजेड येत होता.

मग उजेड गेला. टॅबलेट बंद पडला.

मॅडमनी एकदा डोळे मिटले, एवढंच. मला त्या क्षणी आमची गाडी दूरच्या कुठल्यातरी रस्त्यानं जाताना दिसली. तळहाताला मात्र पोत्यातून ऊब लागत होती, आणि त्या उबेत काहीतरी हललं. आधी कान. मग एक पाय. मग शालीतून एक चिरका, संतापलेला आवाज आला.

चाचा पुटपुटले, "धरली वात."

मॅडम तेव्हा रडल्या. करडासाठी की गाडीसाठी, ते मी कधी विचारलं नाही.

सकाळी आम्ही दवाखान्यात तोंडं पाडून बसलो होतो. वस्तीवर जाऊन, सगळं पुन्हा भरून, दुपारच्या आत रेंजमध्ये येणं होण्यासारखं नव्हतं. तेवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. मी दार उघडलं तर आवारात पाय ठेवायला जागा नाही! कालच्या वस्तीवरची माणसं गाई, म्हशी, शेळ्या घेऊन, भाकरी बांधून, पहाटे निघून आली होती. मल्हारीकडून वस्तीचं नाव विचारून घेऊन चाचांनी रातोरात तिथं माणूस धाडला होता म्हणे. सगळ्यांच्या पुढं गयाबाई, जिचा त्या वस्तीशी काही संबंध नव्हता.

"मावशी, तुम्ही कशाला आला?" मॅडमनी विचारलं.

"शेळ्या धरायला. दोनदा धरायची सवय हाय मला!"

मॅडम कडुलिंबाखाली बसल्या. माणसं कान धरून नंबर ओरडत होती, मॅडम भरत होत्या, भरलं की लगेच पाठवत होत्या. आम्ही पोतं भिजवून ठेवलं होतं, सूप तयार होतं. त्याची गरजच लागली नाही. त्या दिवशी टॅबलेट एकदाही तापला नाही. दुपारच्या आत शेवटची म्हैस वर पोचली आणि साहेबांचा फोन आला, गाडी राहिली. मल्हारीनं गाडीवर उरलेला सगळा भंडारा उधळला.

ह्या गोंधळात हमीदचाचा आले. खांद्यावर मॅडमची शाल, शालीत ते करडू. एवढ्याशा करडाला बिल्ला मारत नाहीत, असं मी सांगायला गेलो. चाचा म्हणाले, "बिल्ला नगं सायेब. थंडीचं ह्येला जरा शेकावं म्हनून आनलं."

त्यांनी करडाला अलगद टॅबलेटवर बसवलं. करडानं अंग टेकवलं, जरा थांबलं आणि कुरकुरत उठून उभं राहिलं. चाचांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी उलटा हात टॅबलेटला लावून पाहिला. पुन्हा एकदा लावला. मग काळजीनं मॅडमकडं वळले.

"मॅडम, आज ह्येची तब्येत बरी न्हाय का? लई गार पडलंय!"